एक म्हणजे उत्तम, दहा म्हणजेही उत्तम!

एकाच खेळाला एकाच दुपारी एका ठिकाणी ‘१’ मिळतो, दुसऱ्या ठिकाणी ‘१०’ मिळतात आणि दोन्हीकडचे खेळणारे सारखेच खूश असतात. हे घडतं जर्मनीतल्या एसेन शहरात, ‘श्पील’ नावाच्या बोर्डगेमच्या अवाढव्य जत्रेत. ‘फेअरप्ले’ हे जर्मन नियतकालिक तिथे खेळून उठलेल्या लोकांकडून नव्या खेळांना गुण गोळा करतं, ते जर्मन शाळेच्या पद्धतीने. १ म्हणजे उत्कृष्ट, ६ म्हणजे सपशेल नापास. ‘बोर्डगेमगीक’ या अमेरिकी संकेतस्थळाची मंडळी १ ते १० मोजतात आणि त्यांच्याकडे १० सगळ्यांत वर. त्यामुळे जत्रेत कुणी “आमच्या खेळाला दोन मिळाले” असं म्हणालं, तर अभिनंदन करायचं की सांत्वन, हे ठरवण्याआधी विचारायचं : कुणी दिले?

कोळशाच्या गावातली जत्रा

एसेन हे रूर खोऱ्यातलं कोळशाचं आणि पोलादाचं शहर. इथल्या त्सोलफेराइन कोळसाखाणीचा परिसर २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. खेळांची जत्रा इथे १९८३ पासून भरते. सुरुवात झाली ती शहरातल्या प्रौढशिक्षण केंद्राच्या इमारतीत. आता प्रदर्शनाची प्रचंड दालनं दर ऑक्टोबरमध्ये चार दिवस, गुरुवार ते रविवार, फुलून जातात. २०१९ मध्ये २ लाख ९ हजार माणसं आली. करोनानंतर २०२२ मध्ये आकडा १ लाख ४७ हजारांवर होता, २०२३ मध्ये १ लाख ९३ हजार झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा २ लाखांच्या पार गेला.

इथे खेळ काचेत मांडून ठेवलेले नसतात. प्रकाशकाच्या गाळ्यात मेजं लावलेली असतात, त्यावर पट उघडा असतो, शेजारी कंपनीचा टी-शर्ट घातलेला समजावणारा उभा असतो. मेज रिकामं झालं की बसायचं. तीनच जण असतील तर मागे ताटकळत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला भिडू करून घ्यायचं. पोलंडचा विद्यार्थी, कोरियाची प्रकाशक आणि एसेनचेच आजोबा एका डावात बसतात आणि भाषेचं अडत नाही. सोंगटी कुठे सरकवायची ते बोटाने दाखवता येतं.

आणि हो, लोक इथे चाकांच्या मोठ्या बॅगा घेऊन येतात. सकाळी रिकाम्या, संध्याकाळी बंद होत नाहीत इतक्या भरलेल्या.

एकच डाव, १,०४० भिडू

२०१५ मध्ये याच जत्रेत ‘कॅटन’चा एकच डाव १,०४० जणांनी मिळून खेळला. त्याआधीचा विक्रम ९२२ जणांचा होता. तो २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ‘जेन कॉन’ संमेलनात झालेला. एरवी तीन-चार जणांचा हा खेळ. शेकडो पट एकमेकांना जोडले, सगळ्यांसाठी फासे एकदाच टाकले आणि पडलेलं दान सगळ्या सभागृहाला लागू केलं. आपल्याला हवा तो आकडा पडल्यावर हजार माणसांतला आपल्यासारख्यांचा गट एकदम ओरडून उठतो, तो क्षण कल्पनेतसुद्धा अंगावर काटा आणतो.

कॅटनचे कर्ते क्लाउस टॉयबर व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते. दिवसा कवळ्या, रात्री खेळ. जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्यांना चारदा मिळाला : १९८८, १९९०, १९९१ आणि १९९५ मध्ये. चौथा कॅटनचा. २०२३ मध्ये ते गेले.

लाल सोंगटी

या पुरस्काराचं चिन्ह म्हणजे लाल सोंगटी. १९७९ मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला, ससा-कासवाच्या शर्यतीवरच्या खेळाला. तो खेळ डेव्हिड पार्लेट या इंग्रजाचा. लहान मुलांच्या खेळांसाठी २००१ पासून निळी सोंगटी आहे आणि सरावलेल्या खेळाडूंसाठी २०११ पासून वेगळा पुरस्कार.

पुरस्कारात रोख रक्कम नाही. विजेत्याला खोक्यावर ती सोंगटी छापायचा हक्क मिळतो आणि त्यासाठी प्रकाशकालाच मंडळाकडे शुल्क भरावं लागतं. तरीही प्रत्येक प्रकाशक तिच्यासाठी झुरतो. कारण जर्मन कुटुंबं दिवाळी अंकासारखी दर नाताळात लाल सोंगटीवाली पेटी घरी नेतात आणि विक्री लाखांत जाते. परीक्षक सगळे समीक्षक असतात; खेळ बनवणाऱ्या किंवा विकणाऱ्या माणसाला तिथे जागा नाही.

एसेनच्या जत्रेत मिळणारा ‘डॉयचर श्पीलेप्राइस’ हा याचा दुसऱ्या टोकाचा भाऊबंद. तो १९९० पासून आहे आणि त्यात मतदान करतात सर्वसामान्य खेळणारे. आवडीचे पाच खेळ क्रमाने लिहायचे. पहिल्याला पाच गुण, पाचव्याला एक. कॅटनने १९९५ मध्ये दोन्ही मारले होते. समीक्षक आणि जनता एकाच पेटीवर बोट ठेवतात, असं वर्ष विरळा.

अर्ध्या डावावर पूर्ण गुण?

आता जरा थांबून बोलू, कारण मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

जत्रेत वेळ कमी, रांग लांब. तेव्हा गाळ्यावर बरेचदा दोन-तीन फेऱ्याच खेळवतात. तेवढ्यावर माणूस उठतो आणि शेजारच्या फलकापाशी जाऊन गुण देतो. खेळ हलका असेल, वीस मिनिटांत आटपणारा असेल, तर ते ठीक आहे. पण ज्या खेळाची सगळी मजा शेवटच्या तासात आहे, जिथे पहिल्या फेरीत पेरलेलं पाचव्या फेरीत उगवतं, त्याला दोन फेऱ्यांवर गुण देणं अन्यायाचं आहे. उलटंही होतं. पहिल्याच डावात दिपवणारा खेळ तिसऱ्या डावात उघडा पडतो. जिंकायची एकच वाट आहे, बाकी सगळी नुसती सजावट, हे तेव्हा कळतं.

शिवाय समजावणारा कोण होता यावर फार अवलंबून असतं. चांगला समजावणारा आधी सांगतो, ‘जिंकायचं कसं’. मग ‘तुझी पाळी आली की काय करायचं’. अपवाद आणि बारकावे सगळ्यांत शेवटी. वाईट समजावणारा नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचतो आणि चाळीस मिनिटांनी चौघांचे डोळे जड झालेले असतात. खेळ तोच, पण एका मेजावरून आठ घेऊन उठतो आणि दुसऱ्यावरून पाच. समोर रडीचा डाव खेळणारा कुणी बसला असेल, तर त्यापायी खेळाचाही एक गुण कापला जातो.

म्हणून एका बाबतीत बोर्डगेमगीकच्या मापाला मी मनापासून दाद देईन. तिथे १ ते १० च्या प्रत्येक आकड्याला एक अर्थ दिलेला आहे आणि तो अर्थ ‘खेळ किती थोर’ असा नाही. तो बहुतेक ठिकाणी ‘पुन्हा खेळायला किती तयार आहात’ असा आहे. दहा म्हणजे कधीही, केव्हाही तयार. आठ म्हणजे आवडतो, आपणहून सुचवू. सहा म्हणजे लहर लागली तर. पाच म्हणजे असला काय, नसला काय. एक म्हणजे याला खेळ म्हणणंच कठीण, पुन्हा वाटेला जाणार नाही. हा प्रश्न प्रामाणिक आहे. थोरवीबद्दल माणूस उसनं मत देऊ शकतो. ‘उद्या पुन्हा मांडू का?’ याला मात्र मनातलंच उत्तर येतं.

जत्रेत गुण देणाऱ्याने वहीत एवढं जरी टिपलं तरी आकड्याला वजन येईल : किती जण होतो, किती वेळ लागला, आपली पाळी येईपर्यंत किती वेळ नुसतं बसलो, डाव शेवटपर्यंत गेला का. तीस खेळ चाखून आलेल्याच्या डोक्यात रविवारी संध्याकाळी सगळे पट एकमेकांत मिसळलेले असतात. तेव्हा वही कामाला येते.

गणिताची कात्री

बोर्डगेमगीक जानेवारी २००० मध्ये स्कॉट ऑल्डन आणि डर्क सोल्को यांनी सुरू केलं. त्याच्या क्रमवारीतली युक्ती कुणालाही सुचावी इतकी सोपी आहे. समजा, एखादा नवा खेळ त्याच्या कर्त्याच्या तीस मित्रांनी खेळला आणि सगळ्यांनी ९ दिले. सरासरी ९. मग तो जगात पहिला? नाही. प्रत्येक खेळाच्या खात्यात आधीच काही बनावट मतं टाकलेली असतात, सगळी साधारण साडेपाचच्या आसपासची. नेमकी किती ते जाहीर करत नाहीत. आपण उदाहरणाला १०० धरू. १०० मतं साडेपाचची म्हणजे ५५०, अधिक ३० मतं नऊची म्हणजे २७०. बेरीज ८२०, मतं १३०. गुण झाले ६.३. आता दुसरा खेळ घ्या : तीन हजार जणांनी सरासरी ८ दिले. ५५० अधिक २४,००० भागिले ३,१००, म्हणजे ७.९. खरी मतं वाढत जातात तशी बनावट मतं त्यांच्यात बुडून जातात. तीस मतं झाल्याशिवाय तर खेळाला क्रमांकच मिळत नाही.

या कात्रीतून तावून-सुलाखून वर आलेल्यांची यादी पाहण्यासारखी आहे. ‘पोर्टो रिको’ कित्येक वर्षं पहिला होता. २००८ मध्ये शेतीवरच्या ‘आग्रिकोला’ने त्याला खाली खेचलं. नंतर शीतयुद्धावरचा ‘ट्वायलाइट स्ट्रगल’ २०१६ च्या सुरुवातीपर्यंत गादीवर होता. त्याला उठवलं ‘पँडेमिक लेगसी’ने, म्हणजे जगभरच्या साथीवरच्या खेळाने, खऱ्या साथीच्या चार वर्षं आधी. मग ‘ग्लूमहेवन’ आला आणि २०२३ मध्ये ‘ब्रास : बर्मिंगहॅम’. कालवे आणि रेल्वे बांधून, कोळसा, लोखंड, बिअर वापरून माल विकण्याचा हा खेळ. योगायोग असा की ब्रिटनचं सर्वांत मोठं खेळसंमेलन, २००७ पासून चालू असलेला ‘यूके गेम्स एक्स्पो’, बर्मिंगहॅममध्येच भरतो.

ग्लूमहेवनच्या पेटीचं वजन साधारण दहा किलो. आत ९५ मोहिमा. कर्ता आयझॅक चाइल्ड्रेस भौतिकशास्त्रात पीएचडी. याच्या बरोबर विरुद्ध जपानच्या सेइजी कानाईंचा ‘लव्ह लेटर’ : सोळा पत्ते. संपला खेळ! टोकियोच्या ‘गेम मार्केट’ या मेळ्यात स्वतःचा खेळ स्वतः छापून विकणाऱ्या हौशी मंडळींतून तो २०१२ मध्ये पुढे आला आणि जगभर गेला. दहा किलो आणि सोळा पत्ते, दोघांनाही लोक मनापासून गुण देतात.

आणि तळाला कोण?

हे वाचून आपल्याकडच्या प्रत्येकाच्या काळजात कळ येईल. या क्रमवारीच्या अगदी तळाशी फुल्ली-गोळा आहे आणि त्याच्या आसपास आपली सापशिडी!

फुल्ली-गोळ्याचं समजू शकतं. त्याचे २,५५,१६८ वेगवेगळे डाव होऊ शकतात, पण दोघंही चुका न करता खेळले तर प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो. एकदा ते कळलं की खेळ संपला. सापशिडीचा गुन्हा निराळा. तिथे खेळणाऱ्याला काही ठरवायचंच नसतं. दान पडतं तसं जायचं. अमेरिकेत १९४३ पासून विकल्या जाणाऱ्या तिच्या आवृत्तीत एकट्या खेळाडूला शंभरावर पोचायला सरासरी सुमारे ३९ दानं लागतात. हा हिशेब संभाव्यतेच्या वर्गात विद्यार्थ्यांकडून करवून घेतात. नशीब सर्वांत जोरावर असेल तर सात दानांत सुटका.

पण मला इथे वकिली करायची आहे. आपला जुना मोक्षपट निर्णयाचा खेळ म्हणून मांडलेलाच नव्हता. मराठी परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. जुन्या पटांवर घरांना आकड्यांच्या बरोबरीने गुणांची, दोषांची, लोकांची नावं असतात. शिडी सद्गुणाच्या घरातून वर नेते, साप दुर्गुणाच्या घरातून खाली ओढतो आणि शेवटी वैकुंठ. खेळता खेळता पोर ही नावं वाचतं, विचारतं आणि मोठं माणूस सांगतं. खेळ म्हणजे त्या गप्पांचं निमित्त. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तो इंग्लंडला गेला, तिथे नावं पुसट होत गेली आणि साप-शिड्यांचे आकडे उरले. बोर्डगेमगीकवर गुण मिळतात ते या उरलेल्या आकड्यांना. मोक्षपट त्याच्या नावांसकट, एखाद्या सांगणाऱ्या आजीसह मेजावर मांडला तर ‘पुन्हा मांडू का?’ या प्रश्नाला पोरं काय उत्तर देतील, ते मला ठाऊक आहे.

पन्नास डॉलरचं सभागृह

अमेरिकेतलं ‘जेन कॉन’ एसेनहूनही जुनं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्सने १९६८ मध्ये पन्नास डॉलर भाड्याने ‘हॉर्टिकल्चरल हॉल’ घेतला. युद्धखेळांचे शंभरेक शौकीन आले, प्रवेश एक डॉलर. पुढच्याच वर्षीच्या संमेलनात गायगॅक्सला डेव्ह आर्नेसन भेटला आणि त्या ओळखीतून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्माला आला. आज जेन कॉन इंडियानापोलिसमध्ये भरतं, सत्तर हजारांवर लोक येतात आणि सभागृहं पुरत नाहीत म्हणून शेजारच्या फुटबॉल स्टेडियमच्या मैदानावरही मेजं लागतात.

रिकाम्या वेळेसाठी

रिचर्ड गारफील्ड नावाचा गणिताचा विद्यार्थी ‘रोबोरॅली’ हा खेळ घेऊन पीटर ॲडकिसन या नवख्या प्रकाशकाकडे गेला. तो छापायला महाग होता. ॲडकिसन म्हणाला, संमेलनात दोन डावांच्या मधल्या वेळात, खिशातून काढून पटकन खेळता येईल असं काही दे. गारफील्डने दिलं ते ‘मॅजिक : द गॅदरिंग’. ऑगस्ट १९९३ मध्ये, तेव्हा मिलवॉकीला भरणाऱ्या जेन कॉनमध्ये ते झपाट्याने विकलं गेलं. मधल्या वेळासाठी केलेला खेळ मुख्य कार्यक्रम होऊन बसला आणि अजून बसलेला आहे. २०२३ च्या जेन कॉनमधून सुमारे तीन लाख डॉलर किमतीचे पत्ते चोरीला गेले, यावरून त्या कागदाचा भाव कळावा.

भरभर काही

जेन कॉनमध्ये लोक चार दिवस पत्त्यांचे मनोरे, वाडे, किल्ले रचत बसतात. ‘कार्डहाला’ म्हणतात त्याला. शनिवारी रात्री सगळे जमतात आणि नाणी फेकून ते पाडतात. नाणी धर्मादाय कामाला जातात. रचणारेही आनंदाने पाहतात.

लू झॉकी हा फासेवाला गाळ्यावर फाशांच्या चळती रचून दाखवायचा. एकाच कंपनीचे वीसबाजूंचे फासे वेगवेगळ्या बाजूंनी एकमेकांवर ठेवले की चळतींच्या उंचीत फरक दिसायचा. म्हणजे फासा सगळीकडून सारखा नाही. यंत्रात घोळवून गुळगुळीत केलेल्या फाशाच्या कडा असमान झिजतात, हे त्याचं म्हणणं. शंभर बाजूंचा फासाही त्याचाच. तो जवळजवळ चेंडूच असल्याने घरंगळत राहतो, थांबायला वेळ घेतो.

संमेलनाला नव्याने येणाऱ्यांना जुने लोक एक नियम सांगतात : रोज निदान पाच तास झोप, दोन वेळा जेवण, एकदा अंघोळ. कुणी झोपेचे तास कमी-जास्त करतं, अंघोळीच्या आकड्यात तडजोड नाही. तरीही घरी गेल्यावर सर्दी-खोकला होतोच. हजारो हात तेच पत्ते पिसतात ना! हात धुऊन खेळायला बसा, हा सल्ला कुठल्याही संमेलनात चालेल.

फ्रान्समध्ये कानच्या ज्या इमारतीत चित्रपट महोत्सव भरतो, तिथेच दर फेब्रुवारीच्या सुमाराला खेळांचा महोत्सव असतो. दिवसा छापील खेळ, रात्री मात्र न छापलेले. कर्ते हाताने कापलेले पत्ते आणि पेन्सिलीने आखलेले पट घेऊन बसतात, पहाटेपर्यंत लोक खेळतात आणि तोंडावर मत सांगतात. माझ्या लेखी गुण देण्याची हीच सर्वांत उपयोगी जागा, कारण इथे मत ऐकून खेळ अजून बदलता येतो.

पैशाविना बाजार

घरात पडून असलेले खेळ घेऊन संमेलनाला जायचं आणि हवे ते घेऊन यायचं, पण एक पैसा न देता. अदलाबदलीत नेहमीची अडचण अशी की माझ्याकडचं तुला हवं असतं, पण तुझ्याकडचं मला नको असतं. यावर गणिती उपाय आहे. सगळ्यांनी आधीच याद्या द्यायच्या : मी हे देतो, त्याच्या बदल्यात यांपैकी काहीही चालेल. संगणकशास्त्रज्ञ क्रिस ओकासाकीने लिहिलेली एक आज्ञावली त्या याद्यांमधून साखळ्या शोधते. अ चा खेळ ब ला, ब चा क ला, क चा ड ला आणि ड चा अ ला. साखळी पूर्ण झाली तरच व्यवहार. आणि आज्ञावली जास्तीत जास्त खेळ हलतील अशीच मांडणी निवडते. एसेनला ठरलेल्या वेळी लोक पेट्या घेऊन जमतात, नावं पुकारतात आणि पेट्या हातोहात जातात.

हे पुण्या-मुंबईत, कुठल्याही सोसायटीच्या सभागृहात उद्या करता येईल. पुस्तकांचंही करता येईल.

पटावरचं गोवं

र्‍यूडिगर डोर्न या जर्मन कर्त्याचा २००४ मधला एक खेळ आहे, त्याचं नावच ‘गोवा’. खेळणारे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे पोर्तुगीज मसाला-व्यापारी. लिलावाची चाल फार सुरेख आहे : तुम्ही निवडून लिलावाला काढलेली वस्तू दुसऱ्याने घेतली तर पैसे तुम्हाला मिळतात, स्वतःच घेतली तर पेढीत जातात. त्यामुळे आपल्याला हवी ती वस्तू काढायची की शेजाऱ्याला हवी ती, हे प्रत्येक फेरीत ठरवावं लागतं.

२०१८ ची लाल सोंगटी मिळवणारा ‘अझूल’ पोर्तुगीज रंगीत फरशांवर आहे. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातल्या निळ्या चित्रफरशा पाहिलेल्याला त्या पेटीचं झाकण ओळखीचं वाटेल. ‘जयपूर’मध्ये दोघे व्यापारी उंट राखून माल विकतात. ‘राजाज ऑफ द गँजेस’मध्ये पैशाची सोंगटी एका टोकाकडून, कीर्तीची दुसऱ्या टोकाकडून निघते आणि ज्याच्या दोन्ही आधी एकमेकींना ओलांडतील तो जिंकला. यांतल्या कित्येक पटांवरचा हिंदुस्थान मात्र राजे, मसाले आणि हत्ती यांच्यापलीकडे क्वचित जातो. तेव्हा मुंबईत घडलेला, झैन मेमनचा ‘शासन’ पाहून बरं वाटतं. त्यात खेळणारा राजकारणी होतो, धोरणांच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि त्या उत्तरांच्या जोरावर मतदार गोळा करतो. आपले प्रश्न आपल्या माणसाने पटावर मांडलेले आहेत.

सावंतवाडीचे गोल पत्ते

शेवटी गुणांच्या यादीत ज्याला वर बघायला मला आवडेल तो खेळ : दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, एकूण १२० गोल पत्ते, हाताने रंगवलेले. सावंतवाडीच्या राजघराण्याने १९७० च्या दशकात ही मावळती कला पुन्हा उभी केली. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुंबईत स्थायिक झालेले जर्मन कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर गंजिफा जमवल्या, अभ्यासल्या आणि त्यांच्यावर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं.

तरीही आज घरांत ती बहुतेक चौकटीत, भिंतीवर दिसते. आणि खेळ म्हणून ती काय आहे! पाच रंगांत दहा हा आकडा मोठा, उरलेल्या पाचांत उलटा क्रम, एक्का मोठा. हुकूम नाही. दिवसा बसलात तर डाव रामाच्या पत्त्याने उघडायचा, रात्री बसलात तर कृष्णाच्या. कुठला पत्ता पडून गेला आणि कुठला अजून हातात आहे, हे १२० पत्त्यांत लक्षात ठेवायचं. एसेनच्या मेजावर हा खेळ एखाद्या चांगल्या समजावणाऱ्यासह मांडला तर रांग लागेल.

तुमच्या घरी किंवा ओळखीत गंजिफा, सोंगट्या, मोक्षपट खेळलेलं कुणी असेल, तर आधी त्यांच्याकडून नियम लिहून घ्या. कोकणातले, देशावरचे फरक तसेच ठेवा, जुळवू नका. मग तिघांना बसवा, पूर्ण डाव खेळा आणि त्यानंतरच गुण द्या.